खेळणारा आणि घडविणारा

कोणत्या वस्तूस समीक्षेच्या दरबारांत प्रवेश द्यावा आणि कोणत्या वस्तूस देवडीवरच थांबवावें, हा वाद जुना आहे. कादंबरीस एके काळीं असेंच थांबविण्यांत आलें होतें. बोलपटासही पुष्कळ दिवस तिष्ठत राहावें लागलें. आज आम्ही ज्यांची रदबदली करूं इच्छितों तीं तर उघडउघड खेळणींच आहेत. इ. स. १९८० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत, घरच्या दूरचित्रवाणीसंचास जोडतां येणारे जे लहान संगणक शिरले, त्यांवरील खेळ आणि त्यांवर लिहिले गेलेले चार-दोन ओळींचे प्रोग्रॅम हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. तीं मूळ यंत्रें केव्हांच जुन्या बाजारांत गेलीं. तथापि एम्युलेटर नांवाच्या, जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्यानें ते खेळ आजच्या संगणकावर खेळणारे, त्यांची आंतील रचना उलगडून पाहणारे आणि तींत स्वतःची भर घालणारे लोक जगभर आहेत.

हा नाद म्हणजे सरलेल्या बालपणाचा उमाळा, यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं, असें सामान्यतः समजलें जातें. आम्हांस हें मत अपुरें वाटतें. ज्यांचें बालपण या यंत्रांच्या सहवासांत गेलेंच नाहीं, असे तरुणही या नादास लागलेले आढळतात. त्यांस कोणत्या आठवणींचा उमाळा येणार? आमच्या मतें या खेळांचें खरें मोल निराळें आहे. कलाकृतीचा आस्वाद घेणारा आणि ती घडविणारा यांमध्यें जी भिंत आपण गृहीत धरून चालतों, ती या खेळांत फार ठेंगणी होती. आणि खेळतां खेळतां ती ओलांडणें हाच त्यांतील सर्वांत मोठा आनंद होता. हें विधान आम्ही दोन खेळ आणि एक ओळ यांच्या आधारें तपासून पाहणार आहों.

प्रथम यंत्राचा परिचय करून घेऊं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिज येथील कंपनीनें एप्रिल १९८२ मध्यें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक विक्रीस काढला. त्याच्या मोठ्या आवृत्तीची आरंभींची किंमत १७५ पौंड असून तिची स्मृति ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ अक्षरें मावतील एवढी होती. एखाद्या जाडजूड मासिकाच्या अंकाचा मजकूरही तींत मावला नसता. आणि त्यांतूनही ६,९१२ बाइट पडद्यावरील चित्राकरितांच खर्चीं पडत. खेळ येत ते गाण्यांच्या असतात तसल्याच कॅसेटवर, आणि ती कर्कश आवाज करीत कांहीं मिनिटें वाजल्यावर खेळ स्मृतींत उतरे.

परंतु आमच्या प्रतिपादनास महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हें यंत्र सुरू केलें म्हणजे समोर कोणताही खेळ येत नसे. कंपनीच्या स्वामित्वाची एक ओळ दिसे, आणि कळ दाबतांच एक लुकलुकणारें अक्षर. वापरणारानें कांहीं तरी लिहावें, याची यंत्र वाट पाहत असे. लिहावयाची भाषा 'बेसिक'. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या दोघां प्राध्यापकांनीं १९६४ सालीं ती तयार केली, ती गणित-विज्ञानाच्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांसही संगणक वापरतां यावा एवढ्याकरितां. स्पेक्ट्रमच्या बहुतेक कळांवर या भाषेंतील सबंध शब्द छापलेले असत. ओळीच्या आरंभीं 'पी' ही कळ दाबली कीं 'प्रिंट', म्हणजे 'छाप', हा शब्द उमटे. ओळ व्याकरणास सोडून असली तर यंत्र ती स्वीकारीत नसे. चूक असेल तेथें प्रश्नचिन्ह लुकलुकत राही. दुसऱ्याचा तयार खेळ खेळावयाचा असला, तरी 'लोड' ही आज्ञा स्वतःच्या हातानें द्यावी लागे. तात्पर्य, नुसत्या खेळणाऱ्या मुलासही त्या भाषेच्या अंगणांतूनच खेळाच्या घरांत जावें लागे. रोज तेथून जाणाऱ्या मुलांपैकीं कांहीं अंगणांतच रमलीं, यांत नवल नाहीं.

या यंत्राच्या मर्यादांविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यांचें भाबडें कौतुक फार होतें. पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ ठिपके असत. परंतु प्रत्येक ठिपक्यास निराळा रंग देतां येत नसे. आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा एका चौकटींत दोनच रंग चालत. त्यामुळें तांबड्या भिंतीवरून पांढरा माणूस चालूं लागला, कीं भिंतीचा रंग त्यास लागे किंवा त्याचा भिंतीस. जो कारागीर या अडचणीशीं झगडत बसला त्याचीं चित्रें डागाळलीं; ज्यानें तिला वृत्ताप्रमाणें मानून आपल्या आकृति त्या चौकटींतच बसविल्या, त्याचीं चित्रें आजही स्वच्छ दिसतात. मात्र वृत्तानें कवि घडत नाहीं, हें येथेंही खरें आहे. त्या काळच्या खेळांपैकीं बरेचसे नाणें टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रांवरील लोकप्रिय खेळांच्या फिकट नकला होत्या. मर्यादेमुळें त्यांच्या अंगीं गुण आला नाहीं. जेथें तो मूळचाच होता तेथें मर्यादेमुळें तो उठून दिसला.

असा गुण ज्यांत निःसंशय आहे तो खेळ म्हणजे 'मॅनिक मायनर'. मॅथ्यू स्मिथ या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें तो लिहिला आणि १९८३ सालीं तो प्रसिद्ध झाला. विली नांवाचा एक खाणकामगार. जमिनीखालच्या वीस गुहा. प्रत्येक गुहेंतील लुकलुकणाऱ्या वस्तु गोळा करून, हवा संपण्यापूर्वीं दारापर्यंत पोंचावयाचें, एवढेंच कथानक. खेळणाऱ्याच्या स्वाधीन तीनच क्रिया: डावीकडे, उजवीकडे आणि उडी. उडीची कमान ठरलेली आहे. पाय जमिनीवरून सुटला कीं हवेंत दिशा बदलतां येत नाहीं. शत्रूही घड्याळाच्या लंबकासारखे आपापल्या वाटेनें नेमानें फिरतात. नशिबास बोल लावण्यास येथें जागा नाहीं. मरण आलें तर तें आपल्याच उडीनें ओढवलेलें असतें. हा न्याय कठोर असला तरी त्यांत पक्षपात नाहीं, आणि खेळणारा चिडूनही पुन्हा आरंभ करतो याचें कारण तेंच होय. सर्व प्राण संपल्यावर वरून एक प्रचंड बूट खालीं येतो आणि विलीस चिरडून टाकतो. या क्रूर थट्टेनें पराभवाचा कडवटपणा मात्र निघून जातो.

१९८४ सालीं याच लेखकाचा 'जेट सेट विली' आला. विली आतां धनाढ्य झाला आहे. त्याच्या वाड्यांत मेजवानी झडली असून, सारा पसारा आवरल्याशिवाय घराची व्यवस्था पाहणारी मारिया त्यास निजूं देत नाहीं. वीस गुहांच्या जागीं साठएक खोल्या आल्या, आणि त्यांतून मनास येईल तसें हिंडतां येऊं लागलें. यंत्र तेंच, स्मृति तेवढीच. मग एवढी जागा आली कोठून? येथें आंत डोकावून पाहणाराला रचनेचें सौंदर्य दिसतें. पहिल्या खेळांत एका गुहेच्या वर्णनास १,०२४ बाइट लागत. दुसऱ्यांत एका खोलीस अवघे २५६. खोलीचा पट बत्तीस उभ्या व सोळा आडव्या ओळींचा, म्हणजे ५१२ चौकटींचा. त्यांतील प्रत्येक चौकट चारांपैकीं एका प्रकारची: मोकळी, पाय ठेवण्याजोगी, भिंतीची किंवा घातक. चारांतून एक निवडण्यास दोन बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे दोन अंक, पुरतात. एका बाइटांत असे आठ अंक असतात. तेव्हां चार चौकटी एका बाइटांत बसतात आणि सबंध पट १२८ बाइटांत आटोपतो. खोलीच्या नांवास ३२ बाइट. उरलेल्यांत चौकटींचीं चित्रें, जिने, शेजारच्या खोल्यांचे पत्ते आणि तेथें फिरणाऱ्या शत्रूंची नोंद. एकाच लेखकानें वर्षाच्या आंत भाष्याकडून सूत्राकडे केलेली ही वाटचाल आहे.

या आटोपशीरपणामुळें विलीच्या वाड्यांतील खोली म्हणजे काय, हें बाहेरच्या माणसासही समजूं शकलें. त्या काळच्या संगणकविषयक मासिकांतून वाड्यास नवी खोली जोडण्याची कृति छापून आली. पुढें खोल्या बदलण्याकरितां स्वतंत्र प्रोग्रॅम निघाले. हौशी लोकांनीं रचलेले नवे वाडे पुढेंही वर्षानुवर्षें प्रसिद्ध होत राहिले. दोन्ही खेळांच्या यंत्रभाषेंतील आज्ञांचें ओळीन् ओळ सटीक संस्करणही आज उपलब्ध आहे. ज्या कृतीवर टीका लिहिली जाते आणि जिची परंपरा चालते, तिला नुसतें खेळणें म्हणून बाजूस सारणें समीक्षकास शोभत नाहीं.

या खेळांत एक मोठा दोषही होता. 'द ॲटिक', म्हणजे माळा, या खोलींत एकदां शिरलें, कीं तेथील एका बाणाची वाट पडद्याच्या स्मृतीबाहेर जाई आणि तो खेळाचाच दुसरा मजकूर पुसून टाकी. त्यानंतर कांहीं खोल्यांत पाय ठेवतांच विली मरे. त्या खोल्यांत विषारी वायु भरला आहे, अशी सारवासारव प्रकाशकांनीं आरंभीं केली. पण खेळ पूर्ण करणारास त्यांनींच बक्षीस लावलें होतें, आणि या स्थितींत तो पूर्ण होणें शक्य नव्हतें. अखेर बक्षीस पटकावणाऱ्या दोघां खेळाडूंनींच खेळांतील चुका शोधून त्यांची दुरुस्ती प्रकाशकांच्या हवालीं केली. अशा दुरुस्त्या 'पोक' आज्ञांच्या रूपानें इतर खेळणाऱ्यांपर्यंत पोंचत. 'पोक' म्हणजे स्मृतींतील अमुक क्रमांकाच्या जागीं अमुक अंक ठेव, अशी बेसिकमधील आज्ञा.

आमच्या वाचकांस येथें एकनाथांची आठवण होणें साहजिक आहे. शके १५०६ मध्यें नाथांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढें कोणीं तींत पदरची ओंवी घालूं नये असें बजावलें. एका खेळण्याची तुलना अशा ग्रंथाशीं करण्याचा आमचा हेतु नाहीं. तुलना आहे ती वाचकाच्या कर्तव्याची. पाठ शुद्ध करणारा हा सर्वांत सावध वाचक असतो, आणि विलीचा बाण कोठें चुकला हें शोधणाऱ्या पोरांनीं तेंच काम आपल्या परीनें केलें. पुढें मात्र वाटा फुटतात. ग्रंथांत पदरची ओंवी हा अपराध ठरतो. येथें पदरच्या खोलीचें कौतुक होतें. ग्रंथकर्त्यापुढें आपण नम्र होतों तें योग्यच आहे. परंतु खेळाचा कर्ता आपल्याच वयाचा, आपल्यासारखेंच यंत्र घरीं असलेला मुलगा आहे, हें ज्यास ठाऊक होतें त्यास आपणही एखादी खोली बांधावी असें वाटल्यावांचून कसें राहील?

'पोक'चा दुसरा एक उपयोगही प्रसिद्ध आहे, आणि तो आक्षेपार्ह मानला जातो. 'जेट सेट विली'त ३५८९९ या क्रमांकाच्या जागीं शून्य ठेवलें, कीं विलीचे प्राण कधींच संपत नाहींत. ही लबाडी नव्हे काय? ज्यानें मासिकांतला आंकडा मुकाट्यानें उतरून घेतला त्यानें खेळाचा रस स्वतःच घालविला, हें आम्ही मान्य करतों. परंतु हाच क्रमांक कां, आणि शून्यच कां, असें ज्यानें विचारलें त्यास उत्तर मिळे. त्या जागीं 'एक प्राण उणा कर' अशी एका बाइटाची आज्ञा आहे, आणि या यंत्राच्या प्रोसेसरच्या भाषेंत शून्य म्हणजे 'कांहींच करूं नको'. पहिल्या मुलानें विलीस अमर केलें. दुसऱ्यास तो कशानें मरतो हें कळलें. एकाच कृत्यांत आळस आणि जिज्ञासा दोन्ही असूं शकतात. दोष द्यावयाचा तर तो आळसास द्यावा.

आतां ओळीकडे वळूं. अमेरिकेंतील कमोडोर कंपनीच्या 'कमोडोर ६४' या १९८२ सालच्या संगणकावरील एका ओळीचा एक प्रोग्रॅम सुप्रसिद्ध आहे. त्याचा मराठी अन्वय असा: दहावी ओळ, २०५.५ या संख्येंत शून्य व एक यांमधील कोणतीही यदृच्छेची संख्या मिळवून जो क्रमांक येईल त्याचें चिन्ह छाप. आणि पुन्हा दहाव्या ओळीकडे जा. बेरीज २०५.५ व २०६.५ यांच्या दरम्यान येते, अपूर्णांक गळतो, आणि २०५ किंवा २०६ उरतो. हे क्रमांक त्या यंत्राच्या चिन्हावलींतील दोन तिरप्या रेघांचे आहेत. एक उजवीकडे उतरत जाणारी, दुसरी चढत जाणारी. ओळ चालूं केली कीं या रेघा एकीस एक लागून छापल्या जातात, आणि पाहतां पाहतां पडदाभर भूलभुलैया पसरतो. प्रोग्रॅममध्यें वाट हा शब्द नाहीं, भिंत हा शब्द नाहीं. त्या दोन्ही पाहणाराच्या दृष्टींत तयार होतात. या एका ओळीवर दहा लेखकांनीं मिळून लिहिलेला सबंध ग्रंथ २०१२ मध्यें एम. आय. टी. प्रेसनें प्रसिद्ध केला आहे.

परंतु ही ओळ नुसती पाहावयाची नाहीं. २०५.५ च्या जागीं २०५ लिहावें. यदृच्छा निष्फळ होते आणि एकाच जातीच्या रेघा पावसासारख्या पडूं लागतात. २०५.३ लिहावें, दहांपैकीं सुमारें सात रेघा एका जातीच्या येतात, वाटा लांबट होतात आणि भूलभुलैया विरूं लागतो. मूळ ओळींतील त्या अर्ध्याचें महत्त्व तेव्हां समजतें: दोन रेघांचा तोल सारखा राहिला म्हणूनच तेथें वाटांचा भास होता. काव्यांतील एक शब्द बदलून पाहावा आणि मूळ शब्दच कां हवा हें कळावें, तसाच हा अनुभव आहे. आमच्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीनें हेंच शिक्षण पिढ्यान् पिढ्या दिलें. आईनें ठिपके मांडावे, मुलीनें रेघ ओढावी, आणि एक ठिपका चुकला तर सारी आकृति कशी फिरते तें उंबरठ्यावरच पाहावें.

या सर्वांवर गंभीर आक्षेप आहेत. प्रख्यात संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनीं १९७५ सालीं असें मत मांडलें, कीं ज्यांस आधीं बेसिकची संवय लागली त्यांस उत्तम प्रोग्रॅम लिहिण्यास शिकविणें जवळजवळ अशक्य आहे. 'अमुक ओळीकडे जा' या आज्ञेचा सढळ उपयोग केल्यानें प्रोग्रॅमचा कसा गुंता होतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे ते या मतास हंसणार नाहींत. शिल्पाच्या दृष्टीनें तो आक्षेप आम्ही शिरोधार्य मानतों. परंतु लहानपणीं यमकें जुळविणारीं सगळीं मुलें मोरोपंत होत नाहींत. पुढें आर्या वाचतांना त्यांचा कान मात्र निराळा असतो. आम्ही येथें कारागिरांच्या शिक्षणाविषयीं बोलत नसून रसिकांच्या शिक्षणाविषयीं बोलत आहों.

दुसरा आक्षेप असा, कीं मुलांस प्रोग्रॅम रचतां यावे म्हणून आज याहून कितीतरी चांगलीं साधनें आहेत. एम. आय. टी.मध्यें तयार होऊन २००७ सालीं खुली झालेली 'स्क्रॅच' ही चित्रमय भाषा त्यांपैकींच होय. हेंही खरें, आणि ज्यास केवळ उपयुक्तता हवी त्यानें तिकडेच जावें. तथापि जुन्या यंत्रांत एक गोष्ट होती ती नव्यांत राहिलेली नाहीं: सबंध यंत्र एका माणसाच्या डोक्यांत मावत असे. ४९,१५२ जागा, प्रत्येकीचा क्रमांक ठाऊक, कोठेंही हात घालतां येतो आणि चुकल्यास विद्युत्प्रवाह बंद करून पुन्हा आरंभ करतां येतो. आपल्या समजुतीच्या बाहेर येथें कांहीं नाहीं, हा विश्वास मुलास ज्या वस्तूपासून मिळतो ती वस्तु क्षुद्र नव्हे.

ही कथा सर्वस्वीं परदेशाचीच आहे असेंही नाहीं. भारत सरकारनें १९८४ सालीं सुरू केलेल्या 'क्लास' या योजनेखालीं आपल्या देशांतील निवडक शाळांत 'बी. बी. सी. मायक्रो' हे इंग्लंडांतील गृहसंगणक आले. तेही सुरू करतांच बेसिकच समोर उभें राही. त्या काळीं यंत्रें मूठभर होतीं आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांना त्यांचें दर्शनही घडलें नाहीं. आज परिस्थिति उलट आहे. स्पेक्ट्रमच्या हजारों पटींनीं अधिक स्मृति असलेलें यंत्र घरोघरीं आहे, आणि मुलांच्या हातीं खेळ इतके आहेत कीं ते मोजण्याची सोय नाहीं. पण त्या यंत्राच्या दर्शनी पडद्यावर लिहावयास सांगणारी मोकळी जागा नसते. असतात तीं तयार वस्तूंचीं चित्रें. बहुतेक खेळांच्या आंत जाण्याची वाट बंद असते, आणि अधिक प्राण हवे असतील तर कित्येकदां त्यांचे पैसे मोजावे लागतात. जेथें पूर्वींचा मुलगा ३५८९९ या जागेचा शोध घेई, तेथें आजचा मुलगा वडिलांकडे हात पसरतो. दोघांच्या बुद्धींत अंतर नाहीं. अंतर आहे तें त्यांस मिळालेल्या वस्तूंत.

म्हणून या जुन्या खेळांची शिफारस आम्ही करतों ती पुराणवस्तु म्हणून करीत नाहीं. त्यांचीं चित्रें बेडौल, आवाज कर्कश आणि कित्येकांचा काठिण्यभाव अकारण आहे. दहांपैकीं आठ खेळ विसरले गेले तर वाङ्मयाचें अथवा कलेचें कांहीं बिघडणार नाहीं. परंतु 'मॅनिक मायनर'च्या उडींतील न्याय, 'जेट सेट विली'च्या खोल्यांतील काटकसर आणि त्या एका ओळींतील अर्ध्याचा तोल हे गुण आजही शिकण्याजोगे आहेत, आणि ते हात लावूनच शिकतां येतात. एम्युलेटर विनामूल्य मिळतात. ज्या घरांत शाळेच्या वयाचीं मुलें आहेत तेथील आईबापांनीं एखाद्या रविवारीं ती ओळ मुलांबरोबर बसून लिहावी, तींतील एक आंकडा मुलांस बदलूं द्यावा, आणि पडद्यावर काय बदललें व कां बदललें हें त्यांच्याच तोंडून ऐकावें. मुलाचें उत्तर बरोबर आलें नाहीं तरी चालेल. त्यानें दुसरा आंकडा लिहून पाहण्याकरितां हात पुढें केला, तर त्या रविवारचें काम झालें असें समजावें.